आधी गळे, मग गाणं: शालेय समूहगान स्पर्धेसाठी गीत कसं निवडावं

स्पर्धेचं पत्रक शाळेत येतं आणि त्याच दिवशी गाण्यांचा पाऊस सुरू होतो. कोणी गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या संघाचा व्हिडिओ पाठवतं, कोणाला लहानपणी स्वतः म्हटलेलं गाणं आठवतं, मुख्याध्यापकांच्या मनात तर एक असतंच. दोन दिवसांत गाणं ठरतं आणि पुढचे दोन महिने ते मुलांच्या गळ्यात बसवण्यात जातात. मीही कितीतरी वर्षं असंच केलं.

एका वर्षी माझं अत्यंत लाडकं गाणं घेतलं होतं. अंतरा तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग वर, जाऊन थांबायचा. तो स्वर लागला की माझ्याच अंगावर काटा यायचा. स्पर्धेला आठवडा उरला असताना पेटी दुसऱ्या बाईंकडे देऊन मी रांगांमधून फिरत ऐकत होते. तेरा वर्षांचा एक मुलगा, तालमीला सगळ्यांत आधी येणारा, अंतऱ्याला तोंड उघडत होता पण आवाज येत नव्हता. नंतर बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "बाई, तिथं माझा आवाज फाटतो. बाकीच्यांचं बिघडू नये म्हणून मी नुसते ओठ हलवतो." पुढच्या खेपेला नीट पाहिलं तर असे ओठ हलवणारे आणखी सहा निघाले. चौतीसपैकी सात!

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी गळे मोजायचे आणि मग त्यांना बसेल असं गाणं शोधायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पत्रक पेन घेऊन वाचा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लवकर उरकतं आणि तिथेच घोटाळा होतो. वेळेची मर्यादा किती, आणि घड्याळ कधी सुरू होतं: पहिल्या सुरापासून की संघ रंगमंचावर चढल्यापासून? गायकांची कमाल आणि किमान संख्या, वयोगट, भाषेची अट, विषयाची अट, चित्रपटगीत चालतं का, किती वादक चालतात, वादक विद्यार्थीच हवेत का, रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालतो का. जे स्पष्ट लिहिलेलं नाही ते आयोजकांना विचारा आणि उत्तर लेखी मागा.

गुणांची विभागणी दिली असेल तर तिच्याकडेही बघा. सूर, ताल, शब्दोच्चार, सांघिकता, सादरीकरण अशा रकान्यांत गुण वाटलेले असतात. अवघड गाणं घेतल्याबद्दल वेगळे गुण नसतील, तर अवघड गाणं घेऊन सूर आणि ताल या दोन्ही रकान्यांत मार खाण्यात काय हशील?

वेळेबाबत एकच सांगते. मर्यादा पाच मिनिटांची असेल तर साडेचार मिनिटांचं गाणं धरा. सुरुवातीचं संगीत स्पर्धेच्या दिवशी लांबतं, कडव्यांच्या मधले तुकडेही लांबतात, आणि शेवटची तिहाई (तीनदा वाजणारा समारोपाचा तुकडा) वादकाला आयत्या वेळी सुचते.

गळे मोजा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. पाच-पाच मुलांचा गट पेटीजवळ बोलवा. सा रे ग म प म ग रे सा ही ओळ "ला"वर म्हणायला लावा, आणि दर वेळी एक पट्टी वर चढवत जा. प्रत्येक मुलासमोर दोन खुणा करा: ओरडून कुठवर पोचतो आणि सहज कुठवर पोचतो. मग तशीच ओळ खाली उतरवत न्या. खालचा स्वर नुसता श्वासासारखा ऐकू यायला लागला की ती त्याची खालची सीमा. पस्तीस मुलांना साधारण एक तास लागतो. मुलं लाजतात, म्हणून एकेकटं गायला लावू नका. पाचांच्या घोळक्यात तुमचा कान बरोबर वेगळं काढतो.

आता सरासरी काढायचा मोह होईल. काढू नका. ज्या चौथ्या हिश्श्याच्या मुलांचा आवाका सर्वांत तोकडा आहे, त्यांची "सहज" सीमा हीच संघाची सीमा समजा. राहिलेल्यांना वर जाता येतं, हा तुमच्याकडचा राखीव साठा. तो तालमीत उघडू नये, स्पर्धेच्या दिवशी आपोआप कामाला येतो.

दहा ते तेरा वर्षांच्या, आवाज न फुटलेल्या मुलामुलींच्या संघात ही सीमा बहुतेक वेळा खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापासून (म्हणजे पेटीवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीपासून; काळ्या पट्ट्याही अशाच मोजतात) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत येते. ट्यूनरचं अ‍ॅप वापरत असाल तर हे स्वर २२० आणि ५८७ हर्ट्झच्या आसपास दिसतील. काळ्या-पांढऱ्या मिळून मोजलं तर एकापासून दुसऱ्यापर्यंत १७ पायऱ्या होतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना यातल्या खालच्या दोन-तीन पायऱ्या नीट ऐकू येतील अशा लागत नाहीत, तेव्हा त्यांचा हिशेब मधल्या पांढरी एकपासून सुरू करा.

आता गाण्याकडे या. समजा गाणं मंद्र धैवतापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ध पर्यंत) खाली उतरतं आणि तार गंधारापर्यंत वर चढतं, दोन्ही स्वर शुद्ध. मंद्र धैवतापासून मध्य षड्ज (मधला सा) ३ पायऱ्या, तिथून तार षड्ज १२, तिथून गंधार ४. एकूण १९. आपल्याकडे आहेत १७. म्हणजे पट्टी कितीही वर-खाली केली तरी हे गाणं या संघाला बसत नाही. वरून सोडवलं की खाली अडकतं. माझं लाडकं गाणं नेमकं असंच होतं, आणि मी दोन महिने पट्टी बदलत बसले होते.

दुसरं गाणं घ्या: मंद्र निषाद (नि) ते तार रिषभ (रे), पुन्हा शुद्धच. १ अधिक १२ अधिक २, म्हणजे १५ पायऱ्या. इथे दोन पायऱ्यांची मोकळीक आहे. सा काळी पाच, पांढरी सात किंवा पांढरी एक, यांपैकी कुठेही ठेवता येतो. तालमीत काळी पाचवर सुरू करा, आवाज मोकळे झाले तर चढवा. थंडी-खोकल्याच्या दिवसांत पुन्हा खाली या. अशी तीन घरं असलेलं गाणं हातात असलं की संघ घेऊन जाणाऱ्याला रात्री झोप लागते.

पण नुसता आवाका पाहून भागत नाही. गाणं कुठवर जातं यापेक्षा कुठे मुक्काम करतं हे बघा. एक गाणं तार रिषभाला फक्त ध्रुवपदाच्या शेवटी हात लावून येतं. दुसऱ्याचा अर्धा अंतरा निषाद ते तार रिषभ याच पट्ट्यात फिरतो. कागदावर दोघांचा आवाका सारखाच. दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यापर्यंत मुलांच्या मानेच्या शिरा दिसायला लागतात आणि सूर कणभर उतरतो. यासाठी नोटेशन समोर घेऊन तार षड्जावर आणि त्याच्या वर किती मात्रा जातात ते पेन्सिलीने मोजा. उलटही होतं. मुखडा सगळा मंद्रात असेल तर तो सभागृहात तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही, आणि परीक्षकांची पहिली नोंद होते ती "आवाज कमी".

फुटलेले आवाज

मुलग्यांचा आवाज साधारण अकरा ते पंधरा या वयात कधीतरी बदलतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एका सप्तकाने खाली उतरतो, आणि अधल्यामधल्या काळात कोणता स्वर लागेल याचा भरवसा नसतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण उतार थोडा असतो. काही महिने तो जरा हवेशीर ऐकू येतो इतकंच. खरी अडचण तारखांची आहे. गाणं निवडल्यापासून स्पर्धेपर्यंत तीन महिने जातात, आणि तीन महिन्यांत एखादा मुलगा वेगळाच गळा घेऊन उभा राहतो. दर तीन आठवड्यांनी मोठ्या मुलांची मोजणी पुन्हा करा.

या मुलांना संघातून काढू नका. त्यांना ओठ हलवायला लावण्यापेक्षा त्यांचं काम बदलून द्या. ज्यांचा आवाज पुरता बसला आहे ते तीच चाल खालच्या सप्तकात गाऊ शकतात. जे अजून मधल्या काळात आहेत त्यांच्याकडे चार-पाच सलग स्वर तरी शाबूत असतात; त्या स्वरांत सा किंवा प येत असेल तर त्यावर त्यांना लांब "आ"कार धरता येतो. म्हणून वयाने मोठ्या संघासाठी गाणं पाहताना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: या गाण्याखाली षड्ज किंवा पंचम धरून ठेवला तर चालतो का? ज्या चालीत आधारस्वर सारखा बदलावा लागतो, ती इथे बाद.

चालीची चाळणी

एकट्याने गायचं गाणं आणि समूहाने गायचं गाणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एका गळ्यातली मुरकी (स्वरांचं झटपट वळण) मोत्यासारखी असते. तीच मुरकी तीस गळ्यांतून एकाच वेळी निघाली की ढेकूळ होतो, कारण प्रत्येकाची मुरकी केसभर पुढेमागे पडते. म्हणून परीक्षा सोपी करा. गाणं पेटी-तबल्याशिवाय, सगळ्या हरकती काढून, नुसत्या "ला"वर गाऊन पाहा. तरीही गोड लागलं तर ठेवा. हरकती काढल्यावर जर काहीच उरलं नाही, तर ते गाणं मूळ गायकाच्या गळ्यात होतं, चालीत नव्हतं.

ध्वनिमुद्रित गाण्यांचा आणखी एक फसवा भाग म्हणजे मधलं संगीत. तीस व्हायोलिनांनी भरलेल्या जागा आपण एका पेटीवर भरायला जातो आणि चाळीस मुलं वीस सेकंद हात बांधून उभी राहतात. मूळ गाण्यातून वाद्यांचे तुकडे वजा करून घड्याळ लावा. गायनच जर दीड मिनिटाचं निघालं तर तुम्ही वाद्यवृंदाचं गाणं निवडलंय.

तालाबद्दल फार घाबरू नये. केरवा, दादरा मुलांच्या अंगात असतात. रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा मुलं पटकन उचलतात, मोठ्यांपेक्षा लवकर. अडतं ते उठाणीला. ओळ समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) उठते की समेच्या आधी दीड मात्रेवर? आधी उठणाऱ्या ओळी फार छान वाटतात, पण चाळीस जणांनी एकदम उठायचं तर दिग्दर्शकाकडे सगळ्यांची नजर हवी आणि श्वास आधीच घेतलेला हवा. गाण्यात अशी उठाणी एखाद-दुसऱ्या ठिकाणी असावी. प्रत्येक ओळच तशी असेल तर मी ते गाणं सोडून देते.

श्वासाचा हिशेबही करून टाका; अगदी सोपा आहे. ओळ सोळा मात्रांची आणि लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर ती म्हणायला १२ सेकंद लागतात. लय ९६ केली तर १०, आणि १२० केली तर ८. दहा वर्षांच्या मुलाला बारा सेकंद भरीव सूर लावून धरायला सांगून बघा, सातव्या-आठव्या सेकंदाला खांदे उचलायला लागतात. आळीपाळीने श्वास घेण्याची युक्ती आहेच: शेजाऱ्याने घेतला की आपण घ्यायचा नाही, म्हणजे बाहेर सूर अखंड राहतो. पण ती साधायला वेळ लागतो, आणि वीस मुलांच्या संघात ती तोकडी पडते. संथ गाणं निवडताना लोक चाल बघतात. मी आधी ओळीची लांबी बघते.

शब्द मोठ्याने वाचा

गाणं गाण्याआधी ते सगळ्या संघाकडून एका लयीत वाचून घ्या. पाच मिनिटांत अर्ध्या अडचणी बाहेर येतात.

पहिली अडचण ऊष्म वर्णांची. ओळ "आकाश" किंवा "विश्वास" अशा शब्दावर संपते आणि चाळीस मुलं तो शेवटचा श किंवा स आपापल्या सवडीने सोडतात. सभागृहात तो साप सुटल्यासारखा ऐकू येतो. अशा एक-दोन जागा असतील तर "शेवटचा स फक्त पहिल्या रांगेने म्हणायचा" असं ठरवून भागतं. ध्रुवपदच अशा शब्दावर संपत असेल आणि ते पाच वेळा येत असेल तर पुन्हा विचार करा.

दुसरी वरच्या स्वरावर येणाऱ्या स्वरवर्णाची. सर्वांत उंच जागी आ किंवा ओ आला तर गळा उघडतो. ई आला की जबडा आवळतो आणि आवाज टोचतो. गाण्यातला सर्वांत उंच स्वर शोधा, त्याखालचं अक्षर बघा. इतकं साधं काम आहे, आणि कोणीच करत नाही.

तिसरी जोडाक्षरांची. संथ लयीत "स्वातंत्र्य" सुंदर वाटतं. द्रुत लयीत तेच शब्द एका मात्रेत कोंबले की "स्वातंत्र" होतं, मग "सातंत्र". स्पर्धेच्या दिवशी लय थोडी वाढतेच, म्हणून तालमीत ठरवलेल्या लयीपेक्षा थोड्या जलद लयीत शब्द तुटतात का ते आधीच पाहून ठेवा.

चौथी गोष्ट परीक्षक हमखास पकडतात: चालीने ऱ्हस्व-दीर्घाचा अर्थ फिरवणं. "दिन" या शब्दाची पहिली मात्रा चालीने ताणली की तो "दीन" होतो. उजाडणाऱ्या दिवसाचं गाणं गरिबाचं होऊन बसतं. "शिर" लांबवलं की "शीर". कवितेला नवीन चाल लावलेली असेल तिथे हे जास्त होतं, कारण चाल लावणाऱ्याने शब्द डोळ्यांनी वाचलेले असतात.

आणि श्वास कुठे तुटतो ते बघा. समजा ओळ आहे "भिऊ नको, पुढे जा". चालीचा ठेहराव पहिल्या शब्दावर असेल तर मुलं "भिऊ" म्हणून श्वास घेतात आणि पुढे जोरात म्हणतात, "नको पुढे जा!" आमच्या एका तालमीत हे झालं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलींना हसू आवरेना, आणि त्या दिवसानंतर ती ओळ आली की कोणी ना कोणी फुटायचंच. शेवटी चालीत ठेहराव पुढे सरकवला.

अर्थाबद्दल वेगळं सांगायला नको, पण तरी सांगते. दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडी विरहाची, आयुष्य संपत आल्याची गाणी शोभत नाहीत, चाल कितीही गोड असो. त्याच वेळी अगदी बाळबोध गाणं तेरा वर्षांच्या मुलांना दिलं तर ती लाजतात, आणि लाजलेला माणूस तोंड उघडत नाही. मुलांना विचारा, या ओळीचा अर्थ काय? तीन जणांनी तीन उत्तरं दिली तरी चालेल. कोणीच काही बोललं नाही तर ते शब्द त्यांचे होणार नाहीत.

दुसऱ्या भाषेतलं गाणं घ्यायचं असेल तर ती भाषा घरात बोलणारा एक माणूस शोधा आणि त्याच्याकडून शब्द, न गाता, नुसते बोलून रेकॉर्ड करून घ्या. मुलांनी ध्वनिमुद्रित गाणं ऐकून शब्द उचलले तर गायकाच्या लकबीसकट उचलतात. असा माणूस मिळत नसेल तर ते गाणं या वर्षी नको.

एकाच सुरात की दोन भागांत?

दोन भागांत गायलेलं गाणं परीक्षकांच्या कानाला लगेच भरतं, हे खरं आहे. पण कच्चे दोन भाग ऐकण्यापेक्षा स्वच्छ एकसूर बरा. माझी कसोटी अशी: दुसरा भाग गाणारी मुलं पेटीशिवाय, पहिला भाग कानावर पडत असताना, आपला भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू शकतात का? तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे जमलं नाही तर मी दुसरा भाग काढून टाकते आणि त्याची खंत करत नाही.

मधल्या वाटा आहेत. सर्वांत सोपी आधारस्वराची, ती वर आलीच. दुसरी म्हणजे तीच ओळ एका गटाने सुरू करायची आणि दुसऱ्याने काही मात्रांनंतर पहिल्यापासून उचलायची. ही युक्ती फार जुनी आहे. इंग्लंडातलं असं एकामागोमाग उठणारं एक ऋतुगीत तेराव्या शतकापासून लिखित स्वरूपात टिकून आहे. मुलांना ती आवडते, कारण नवीन काही पाठ करावं लागत नाही. पण प्रत्येक चाल यात चालत नाही. ओळींचं नोटेशन एकाखाली एक लिहा आणि ज्या मात्रांवर वजन पडतं तिथे वर-खाली कोणते स्वर येतात ते बघा. सारखाच स्वर किंवा सा, ग, प यांतले दोन आले तर गोड लागेल. म आणि शुद्ध ग, किंवा नि आणि सा, असे शेजारी एकमेकांवर आदळले तर कान टोचेल.

म्हणूनच भूप रागाच्या स्वरांतली चाल या कामाला फार सोयीची. सा रे ग प ध यांत लगतच्या पट्टीवरची अशी एकही जोडी नाही, त्यामुळे दोन गट थोडे इकडेतिकडे झाले तरी टोचत नाही. हंगेरीचे झोल्टान कोदाय (१८८२–१९६७) आणि जर्मनीचे कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) या दोघा संगीतकारांनी मुलांच्या संगीतशिक्षणात पाच स्वरांच्या चालींवर भर दिला. कोदाय यांनी तर मुलांची सुरुवात त्यांच्या मातृभाषेतल्या लोकगीतांपासून करावी असा आग्रह धरला होता. लोकगीतांची चाल आवाक्यात असते, ओळी श्वासाच्या मापाच्या असतात, कारण ती काम करता करता माणसांनी एकत्र गाऊनच घडलेली असतात. कुठलं गाणं घ्यावं हे अजिबात सुचत नसेल तर मी तिथून शोध सुरू करायला सांगेन.

दोन गाणी असतील तर

एक संथ, एक जलद हे सगळेच करतात. पहिलं कोणतं गायचं, यात मात्र चुका होतात. रंगमंचावर गेल्यावर पहिल्या मिनिटात गळे कोरडे आणि श्वास अपुरा असतो. तिथे संथ, लांब ओळींचं गाणं ठेवलं तर सूर घसरतो, आणि साथीशिवाय गात असाल तर हमखास. एकाच स्वरावर बराच वेळ बोलणाऱ्या ओळी आणि सावकाश उतरणाऱ्या ओळी या घसरणीच्या खास जागा. मी मध्यम लयीचं, मुलांना झोपेतही येणारं गाणं पहिलं ठेवते. दोन्ही गाण्यांचा सा एकच ठेवता आला तर उत्तम. नाही तर दुसऱ्या गाण्याचा सा मुलांच्या कानात कसा जाणार, याची तालीम गाण्याइतकीच करावी लागते.

हक्क

कवी आणि संगीतकार हयात असतील, किंवा जाऊन फार वर्षं झाली नसतील, तर शब्द आणि चाल दोन्हींवर हक्क असतो, आणि दोघांचा वेगवेगळा. भारतात तो निधनानंतर ६० वर्षं चालतो, युरोपीय संघात ७० वर्षं. जुन्या चालीची कोणी नवी मांडणी केली असेल तर त्या मांडणीवरही हक्क येतो. कडवं गाळायचं, शब्द बदलायचे किंवा सादरीकरणाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा असेल तर परवानगी आधी मागा. हयात कवी शाळेला सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता शब्द बदलले तर मात्र रागावतात, आणि ते बरोबरच आहे.

तीन गाण्यांची परीक्षा

एवढ्या चाळण्यांतून दहातली तीन उरतात. लगेच एक निवडू नका. प्रत्येक गाण्याचं ध्रुवपद आणि त्यातली सर्वांत अवघड ओळ, इतकंच, वीस मिनिटांत शिकवा. अवघड ओळ मुद्दाम पहिल्याच दिवशी घ्यायची. सोपा भाग कसाही बसतोच. फोन खोलीच्या मागच्या भिंतीशी ठेवून रेकॉर्ड करा. मग आठवडाभर त्या गाण्यांचं नाव काढू नका.

पुढच्या आठवड्यात काही न शिकवता म्हणायला लावा. जे गाणं मुलांना जवळजवळ आठवतं ते अर्धं निवडलं गेलं. मग दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका, पण पहिल्यांदा ऐकताना सूर-ताल बघू नका. शब्द कळतात का एवढंच बघा, आणि शक्य असेल तर ज्याला गाणं माहीत नाही अशा माणसाला ऐकवून काय कळलं ते विचारा. दुसऱ्यांदा ऐकताना अवघड ओळीवर आवाज वाढतो की पातळ होतो ते ऐका. पातळ झाला म्हणजे काही जणांनी ओठ हलवायला सुरुवात केली आहे.

तीनही गाणी यात पास झाली तर मुलांना मत द्यायला सांगा. चिठ्ठीवर, गुपचूप. हात वर करायला लावले की सगळे पहिल्या रांगेतल्या दोघींकडे बघून हात वर करतात. याच वेळी वरून सूचना येतील: अमुक गाणं घ्या, पाहुण्यांना आवडतं. अशा वेळी मोजणीचा कागद कामाला येतो. "सर, गाणं छान आहे, पण आपल्या नऊ मुलांचा आवाज तिथे पोचत नाही," असं आकड्याने सांगितलं की वाद पुढे जात नाही. नुसतं "जमणार नाही" म्हटलं तर "प्रयत्न करा" असं उत्तर येतं.

ठरलं, मग लिहून ठेवा

एका कार्डावर सा कोणत्या पट्टीचा, लय मिनिटाला किती मात्रा, कोणती कडवी घेतली आणि एकूण वेळ किती हे लिहा. त्याखाली दुसरी ओळ: पर्यायी सा, नेहमीच्या एक पट्टी खाली. या पर्यायी पट्टीवर शेवटच्या दोन आठवड्यांत तीनदा तरी पूर्ण गाणं म्हणून घ्या, पेटीवाल्याचाही हात बसू दे. स्पर्धेच्या ठिकाणची पेटी वापरायची असेल तर पोचल्या पोचल्या ट्यूनरने तिचा सूर बघा. जुन्या पेट्या कधी चढलेल्या निघतात, आणि काठावर बसवलेलं गाणं तेवढ्याने वर सरकतं.

चाल, कडवी, भाग यांतला शेवटचा बदल स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर कितीही चांगली कल्पना सुचली तरी ती वहीत. सकाळी रंगमंचामागे मुलांकडून पहिली ओळ हळू आवाजात म्हणून घ्या, आणि कोणाचा घसा बसलेला असेल तर कार्डावरच्या दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवा. पेटीवाल्याला तेवढं पुरतं.